डासाच्या लाळेचा शोध : सर रोनाल्ड रॉस

सर रोनाल्ड रॉस यांचा जन्म १८५७ मध्ये अल्मोडा येथे झाला. लष्करी डॉक्टर असताना २० ऑगस्ट १८९७ रोजी आपल्या सिकंदराबादेत त्यांना डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी दिसले. पण ते दुसऱ्याच्या शरीरात शिरतात कसे? १८९८ मध्ये कलकत्त्यात पक्ष्यांवरील प्रयोगांतून उत्तर मिळाले : परजीवी डासाच्या लाळग्रंथीत पोहोचतात आणि चावताना लाळेबरोबर शरीरात उतरतात. १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९३२ मध्ये ते निवर्तले.

त्या लाळेतील काही प्रथिने परजीवीला साथ देतात, काही त्याला अडवतात, हे आज शास्त्रज्ञांना कळले आहे. त्यातून नव्या लसींचा विचार चालू आहे. विद्यार्थ्यांनो, तोवर आपण सर्वांनी आपल्या घरचे कूलर व कुंड्यांखालच्या बश्या दर आठवड्याला कोरड्या करूया.