लिओ फेंडर

लिओ फेंडर (पूर्ण नाव : क्लॅरन्स लिओनिडास फेंडर, जन्म : ॲनाहाइम-फुलर्टन परिसर, कॅलिफोर्निया, १० ऑगस्ट, १९०९, मृत्यू : फुलर्टन, कॅलिफोर्निया, २१ मार्च, १९९१) हे विद्युत गिटार, बेस गिटार आणि ध्वनिवर्धक यांची रचना करणारे अमेरिकन कारागीर व उद्योजक होते. मोठ्या प्रमाणावर तयार होऊन खपलेली पहिली विद्युत बेस गिटार, म्हणजे प्रिसिजन बेस, त्यांनी १९५१ साली बाजारात आणली. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यामुळे वादकांच्या तक्रारी ऐकणे हीच त्यांची काम करण्याची पद्धत झाली. एका वादकाची अडचण दूर करणारा बदल दुसऱ्या वादकाची अडचण कसा होऊन बसतो, हे त्यांनी घडवलेल्या बेस गिटारींच्या इतिहासात पदोपदी दिसते.

बालपण आणि शिक्षण

लिओ यांचे आई-वडील, हॅरिएट आणि क्लॅरन्स माँटी फेंडर, यांची ॲनाहाइम व फुलर्टन या गावांच्या दरम्यान संत्र्यांची बाग होती. वयाच्या आठव्या वर्षी गाठ झाल्यामुळे लिओ यांचा डावा डोळा काढावा लागला आणि तेथे काचेचा डोळा बसवण्यात आला. याच कारणाने पुढे दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यभरतीतून सुटले. नात्यातील जॉन वेस्ट यांचे सांता मारिया येथे मोटारींच्या विद्युत-दुरुस्तीचे दुकान होते. सुट्या भागांतून जुळवलेला एक रेडिओ लिओ यांनी १९२२ साली तेथे ऐकला आणि त्या मोठ्या, स्वच्छ आवाजाने त्यांच्या मनात कायमचे घर केले.

लहानपणी ते पियानो आणि नंतर सॅक्सोफोन शिकले, पण दोन्हींत फारसे रमले नाहीत. १९२८ साली शालेय शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांनी फुलर्टनच्या महाविद्यालयात हिशेबशास्त्राचा अभ्यास केला. विद्युतशास्त्राचे औपचारिक शिक्षण मात्र त्यांनी कधीही घेतले नाही. त्यांची पुढील सर्व विद्या स्वकष्टार्जित आहे.

दुकान आणि कारखाना

१९३४ साली त्यांचा विवाह एस्थर क्लॉस्की यांच्याशी झाला. काही वर्षे हिशेबनिसाची नोकरी केल्यावर मंदीच्या काळात ती सुटली, आणि १९३८ साली ६०० डॉलर कर्ज काढून त्यांनी फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचे दुकान उघडले. सुरुवातीची अनेक वर्षे एस्थर यांच्या दूरध्वनी कंपनीतील नोकरीवर घर चालत असे, ही बाब फेंडर यांच्या चरित्रात सहसा एका ओळीत उरकली जाते. वस्तुतः तो पगार नसता तर पुढचा कारखानाही उभा राहिला नसता.

दुकानात परिसरातील वादक आपले ध्वनिवर्धक दुरुस्तीला आणत. त्यांच्याशी बोलता बोलता वाद्यांतील उणिवा लिओ यांना कळू लागल्या. डॉक कॉफमन या वादकासह त्यांनी मांडीवर ठेवून वाजवायच्या गिटारी व ध्वनिवर्धक तयार करण्याचा व्यवसाय सुरू केला. १९४६ साली कॉफमन बाजूला झाले आणि लिओ यांनी कारखाना एकट्याच्या बळावर पुढे नेला. १९५० साली त्यांनी भरीव लाकडी धडाची विद्युत गिटार विक्रीस आणली. तीच पुढे टेलिकास्टर या नावाने प्रसिद्ध झाली.

प्रिसिजन बेस

त्या काळी नृत्यवृंदात खर्जाचे स्वर डबल बेस या वाद्यावर वाजवले जात. हे माणसाएवढ्या उंचीचे वाद्य प्रवासात नेणे कष्टाचे असे. ढोल-झांजा आणि विद्युत गिटारी यांच्या गोंगाटात त्याचा आवाज बुडून जाई. शिवाय त्याच्या दांडीवर पडदे नसल्याने नेमक्या स्वरावर बोट ठेवण्यास वर्षानुवर्षांचा रियाज लागे. या तिन्ही अडचणींवर फेंडर यांनी एकच उत्तर शोधले. चार तारांचे, गळ्यात पट्ट्याने अडकवून वाजवता येणारे, दांडीवर २० पडदे असलेले भरीव वाद्य त्यांनी तयार केले. पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो, म्हणून त्याचे नाव प्रिसिजन, अर्थात अचूकता, असे ठेवले. डबल बेसच्या तारेची कंपणारी लांबी सुमारे ४२ इंच असते. फेंडर यांनी ती ३४ इंच ठरवली. आजही बहुतेक बेस गिटारींसाठी हेच माप रूढ आहे. अशी कल्पना त्यांच्याआधी कोणाला सुचली नव्हती असे नाही. सिॲटल येथील पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकात पडदे असलेली विद्युत बेस तयार केली होती, पण तिचा प्रसार झाला नाही.

या वाद्याची पहिली नापसंती आली ती डबल बेसच्या वादकांकडून, आणि ती निव्वळ हट्टातून आलेली नव्हती. डबल बेसचा स्वर लाकडाच्या पोकळीतून उमटतो, भरदार उठतो आणि लवकर विरतो. भरीव लाकडाच्या वाद्यावर तोच स्वर लांबतो. ज्याने आयुष्यभर स्वराच्या विरण्यावर लय तोलली, त्याला हे लांबणे खटकणारच. गजाने वाजवण्याची सोय गेली आणि दोन स्वरांच्या मधली जागा पडद्यांनी अडवली. याउलट गिटारवादकाला हे वाद्य आयते हाती आल्यासारखे वाटले, कारण पडद्यांची भाषा त्याला अगोदरच येत होती. जॅझमध्ये लायोनेल हॅम्प्टन यांच्या वृंदातील मंक मॉन्टगोमेरी यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी ते वाजवले, तरी त्या क्षेत्रातील बहुतेकांनी दीर्घकाळ त्याकडे पाठ फिरवली. रॉक अँड रोलने मात्र ते इतके आपलेसे केले की काही काळ कोणत्याही कंपनीच्या विद्युत बेसला लोक फेंडर बेसच म्हणत.

फेंडर स्वतः वादक नव्हते, याची एक खूण या वाद्यावर अनेक वर्षे राहिली. वादक अंगठ्याने तार छेडेल आणि उरलेल्या बोटांनी आधार घेईल असे गृहीत धरून सर्वांत बारीक तारेच्या खाली एक लाकडी पट्टी बसवलेली असे. प्रत्यक्षात बहुसंख्य वादक पहिल्या दोन बोटांनी वाजवू लागले, आणि ती पट्टी चुकीच्या बाजूला राहिली. १९७० च्या दशकात कंपनीने ती वरच्या बाजूला हलवली. घोडीवरच्या धातूच्या झाकणात स्वर दाबण्यासाठी बसवलेला मऊ तुकडाही असाच. अनेकांनी झाकणासकट काढून टाकला.

१९५७ साली प्रिसिजन बेसचे रूप बरेच बदलले. तारांची कंपने टिपणारा पिकअप दोन तुकड्यांत विभागला गेला. त्यामुळे विजेची गुणगुण नाहीशी झाली आणि स्वराला गोलाई आली.

एकच वाद्य दोन हातांत किती वेगळे होते, याचे उदाहरण म्हणून डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीतील जेम्स जेमरसन यांचा उल्लेख करावा लागेल. मूळचे डबल बेसवादक असलेल्या जेमरसन यांनी १९६२ सालच्या प्रिसिजन बेसवर जाड, सपाट पट्टी गुंडाळलेल्या तारा चढवल्या होत्या. त्या तुटेपर्यंत ते बदलत नसत. तारा दांडीपासून बऱ्याच उंच ठेवलेल्या असत आणि छेडण्यासाठी ते केवळ तर्जनी वापरत. इतरांच्या बोटांना ती मांडणी जड जाई. जेमरसन यांना मात्र आपल्या पहिल्या वाद्याचा भरीव, आखूड स्वर तिच्यातूनच मिळे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात गोल तार गुंडाळलेल्या, खणखणीत आवाजाच्या तारा आल्यावर नव्या पिढीला जुन्या तारा मंद वाटू लागल्या.

जॅझ बेस आणि न खपलेली वाद्ये

१९६० साली फेंडर यांनी जॅझ बेस ही दुसरी रचना सादर केली. तिच्यात दोन पिकअप होते, त्यामुळे स्वराचा पोत वादकाला अधिक बदलता येई. मुख्य फरक दांडीचा होता. वरच्या टोकाशी प्रिसिजन बेसची दांडी पावणेदोन इंच रुंद असे. जॅझ बेसची दीड इंच केली गेली. पाव इंचाचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. मोठ्या पंजाच्या किंवा डबल बेसवर वाढलेल्या वादकाला अरुंद दांडीवर बोटे एकमेकांत अडकल्यासारखी वाटतात, तर लहान हाताच्या किंवा चपळ वादनाच्या वादकाला रुंद दांडी पकडून मनगट थकते. या दोन वाद्यांविषयीचे मतभेद पुष्कळदा स्वराच्या नावाने मांडले जातात. त्यांचे मूळ हाताच्या मापात शोधले तर ते अधिक समजतात.

याच जॅझ बेसच्या १९६२ सालच्या एका नगावर जॅको पॅस्टोरियस (१९५१–१९८७) यांनी आपली शैली घडवली. त्या वाद्याचे पडदे काढून टाकलेले होते, खाचा बुजवल्या होत्या आणि दांडीवर कठीण लेप दिला होता. ज्या पडद्यांसाठी फेंडर यांनी विद्युत बेस निर्माण केली, तेच या श्रेष्ठ वादकाला नकोसे झाले होते!

१९६१ सालच्या बेस सिक्सला सहा तारा होत्या आणि ती गिटारपेक्षा एक सप्तक खाली लावलेली असे. तारांची लांबी ३० इंच व त्यांच्यातील अंतर गिटारसारखे कमी असल्याने बेसवादकांच्या बोटांना तारांमध्ये जागा उरत नसे. गिटारवादकांना ती सोयीची वाटली. १९६८ साली पॉल मॅकार्टनी पियानोवर असताना बीटल्समधील जॉन लेनन व जॉर्ज हॅरिसन यांनी तीच वापरली.

१९६५ सालची बेस फाइव्ह हे त्यांच्या रचनांतील कदाचित सर्वांत दुर्दैवी वाद्य. चार तारांच्या वर एक बारीक पाचवी तार दिली आणि पडदे मात्र १५ च ठेवले. हिशेब चोख होता. पाचव्या तारेच्या पंधराव्या पडद्यावर नेमका तोच स्वर मिळतो, जो प्रिसिजन बेसच्या चौथ्या म्हणजे सर्वांत बारीक तारेच्या विसाव्या पडद्यावर मिळतो. हात वर न सरकवता उंच स्वर गाठता यावेत हा हेतू होता. पण त्यामुळे वाद्याची स्वरमर्यादा तसूभरही वाढली नाही, तारा मात्र जवळ आल्या आणि दांडी-धडाचे प्रमाण विचित्र दिसू लागले. बेसवादकाला पाचवी तार हवी होती ती खालच्या, अधिक खोल स्वरासाठी. पुढे पाच तारांची बेस रूढ झाली ती तशीच. हिशेबशास्त्राच्या विद्यार्थ्याने केलेली ही अचूक बेरीज होती, पण प्रश्नच वेगळा होता.

१९६६ साली आलेली मस्टँग बेस ही या कंपनीसाठी त्यांनी केलेली अखेरची बेस रचना. ३० इंचांच्या तारांची ही छोटी बेस नवशिक्यांसाठी होती. आखूड तार सैल राहते, म्हणून खर्ज किंचित मऊ लागतो. काहींना तो ढिला वाटतो, तर काहींनी याच गुणासाठी ती कायम जवळ ठेवली.

कंपनीची विक्री

दीर्घकाळच्या सायनसच्या संसर्गाने फेंडर इतके खचले की आपण फार दिवस जगणार नाही असे त्यांना वाटू लागले. जानेवारी १९६५ मध्ये त्यांनी कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला १.३ कोटी डॉलरना विकली. त्यानंतर त्यांनी डॉक्टर बदलला आणि ते बरे झाले. तोवर स्वतःचेच नाव त्यांच्या हातून गेले होते, आणि करारानुसार दहा वर्षे त्या व्यवसायात स्पर्धा करण्यास त्यांना मनाई होती.

सीबीएसच्या काळातील, विशेषतः १९७० च्या दशकातील, फेंडर वाद्यांची वादकांत पुष्कळ निंदा झाली. वाद्ये जड झाली, दांडी काही नमुन्यांवर चारऐवजी तीनच स्क्रूंनी बसवली जाऊ लागली आणि कारागिरीत एकसारखेपणा राहिला नाही. ही टीका बव्हंशी रास्त आहे. तरीही याच काळातील जॅझ बेसचा मागचा पिकअप घोडीच्या अधिक जवळ सरकवलेला होता. त्यामुळे येणारा टणत्कार अंगठ्याने आपटून वाजवणाऱ्यांना फार मानवला, आणि मार्कस मिलर यांची १९७७ सालची जॅझ बेस त्या स्वराचा मानदंड ठरली.

म्युझिक मॅन आणि जी अँड एल

मनाईची मुदत संपल्यावर १९७५ साली फेंडर उघडपणे म्युझिक मॅन या कंपनीचे अध्यक्ष झाले. १९७६ साली आलेल्या स्टिंगरे बेसमध्ये एकच मोठा पिकअप होता आणि बॅटरीवर चालणारा प्रवर्धक वाद्यातच बसवलेला होता. या भागात टॉम वॉकर यांचा मोठा वाटा होता. तिचा स्वर धारदार व पुढे येणारा आहे. लुई जॉन्सन व शीक वृंदाचे बर्नार्ड एडवर्ड्स यांच्या नृत्यसंगीताला तो शोभला. गायकाच्या मागे नम्रपणे राहणारा खर्ज हवा असलेल्यांना तो आगाऊ वाटतो, आणि तिच्या सर्वांत बारीक तारेचा आवाज इतर तारांपेक्षा क्षीण पडतो ही तक्रार तर तिच्या चाहत्यांचीही आहे.

भागीदारांतील मतभेदांमुळे हे पर्व लवकर संपले. १९७९ साली एस्थर यांचे कर्करोगाने निधन झाले. १९८० साली फेंडर यांनी फिलिस यांच्याशी विवाह केला. जुने सहकारी जॉर्ज फुलर्टन यांच्यासह त्यांनी जी अँड एल ही कंपनीही याच सुमारास काढली. तेथील एल-२००० या बेसमध्ये दोन शक्तिशाली पिकअप आणि अनेक कळा होत्या. एवढ्या कळांत हवा तो स्वर सापडत नाही असे काहींचे मत पडले, तर इतरांना तीत अनेक बेस एकत्र मिळाल्या.

आपण घडवलेली सर्वोत्तम वाद्ये हीच, असे फेंडर यांचे स्पष्ट मत होते. बाजाराचे मत मात्र उलट होते. १९६५ पूर्वीच्या त्यांच्याच वाद्यांच्या किमती वाढत होत्या, आणि १९८२ साली फेंडर कंपनीने १९५७ व १९६२ च्या नमुन्यांच्या प्रतिकृती विक्रीस आणल्या. त्याच फुलर्टन गावात मूळ रचनाकार त्या नमुन्यांतील दोष काढून टाकण्यात गुंतलेला होता.

अखेरची वर्षे

उतारवयात फेंडर यांना कंपवाताने (पार्किन्सनचा आजार) ग्रासले, तरी ते रोज कारखान्यात येत राहिले. २१ मार्च, १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. १९९२ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश करण्यात आला. जी अँड एलच्या कारखान्यातील त्यांची खोली व काम करण्याचे टेबल त्यांच्या पश्चात होते तसेच जतन करण्यात आले.