ऑकमचे विल्यम

इ. स. १३४७ साली बहमनी राज्य स्थापन झाले व आपले कलबुर्गी त्याची राजधानी बनले. पुढे तो मान बिदरला मिळाला. त्याच वर्षी दूर म्यूनिक शहरी एक इंग्रज संन्यासी प्रभूमध्ये झोपी गेले. त्यांचे नाव ऑकमचे विल्यम.

त्यांचा जन्म सुमारे १२८७ साली इंग्लंडातील ऑकम या खेड्यात झाला. ते फ्रान्सिस्कन संघात शिरले व ऑक्सफर्ड येथे तर्कशास्त्र व ईशज्ञानशास्त्र शिकले. तेथील विद्वानांपुढे एक जुना प्रश्न होता. उद्या अमुक मनुष्य अमुक करील, हे विधान आजच खरे असते काय? ते आज खरेही नाही व खोटेही नाही, असे ॲरिस्टॉटलचे मत असल्याचे विल्यम मानीत. पण देव तर उद्याचे सर्व जाणतो. मग मनुष्याच्या हाती काय उरले? आपल्या गावीही कपाळी लिहिलेले टळत नाही असे म्हणून पुष्कळ जण हातपाय गाळतात.

विल्यम यांनी यावर एक छोटा ग्रंथ लिहिला. ते विधान आजही खरे असू शकते, पण मनुष्य तसे करणार म्हणून ते खरे. विधान खरे म्हणून मनुष्य बांधला जात नाही. पेत्राचेच पाहा. तो आपल्याला नाकारील हे प्रभूने आधी सांगितले, पण त्याच्याकडून ते बळेच करविले नाही. योनाच्या संदेशाविषयी विल्यम म्हणत की, त्यात एक अट गर्भित होती. निनवेकरांनी पश्चात्ताप केला. नगर वाचले, आणि देवाचे वचनही खोटे ठरले नाही. मात्र देव भविष्य कसे जाणतो, हे या जन्मी कोणालाही स्पष्ट सांगता येणार नाही, हे त्यांनी नम्रपणे मान्य केले.

१३२४ साली त्यांच्या शिकवणीच्या चौकशीसाठी त्यांना आव्हिन्यों येथे पोपच्या दरबारी जावे लागले. प्रभू व प्रेषित यांच्या दारिद्र्याविषयी पोप बाविसावे योहान यांचे मत शास्त्राविरुद्ध आहे अशी त्यांची खात्री झाली. १३२८ च्या मे महिन्यात ते तेथून निसटले. त्यांना बहिष्कृत करण्यात आले. अखेरपर्यंत ते बव्हेरियाच्या लुडविग राजाच्या आश्रयास राहिले. पुढे मार्टिन ल्यूथर एर्फुर्ट येथे याच परंपरेच्या गुरूंजवळ शिकले.

शब्बाथ शाळेत योनाचा धडा घेताना आपण मुलांना हे अवश्य सांगावे. देवाला आपला उद्याचा दिवस ठाऊक आहे; तरी पश्चात्तापाचे दार त्याने आज उघडे ठेविले आहे, आणि त्यातून आत जाणे आपल्याकडे आहे.