काल्पीचं ऊन, काडतुसाची चरबी आणि झाशीच्या बाईसाहेब

कुवेतमधल्या मराठी कार्यक्रमात एक तरी छोटी झाशीची राणी असतेच. पुठ्ठ्याची तलवार, आईच्या ओढणीचा फेटा आणि पाठीला बांधलेली बाहुली. यंदा आमच्या घरातच राणी होती. मंगफच्या आमच्या फ्लॅटमध्ये तालीम चालली असताना लेकीने विचारलं, इंग्रजांकडे बंदुका होत्या ना, मग राणी तलवार घेऊन त्यांच्या जवळ पोचायचीच कशी? प्रश्न बरोबर होता. मी शिकलो कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, इतिहास नाही. पण यंत्र कुठे अडतं हे शोधणं हा रोजचा धंदा. म्हणून बाईसाहेबांचं चरित्र या वेळी बंदुकीच्या बाजूने वाचलं.

सुरुवातीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. मोरोपंत तांबे काशीला चिमाजी अप्पांच्या पदरी होते. तिथे मनकर्णिकेचा जन्म झाला. आई लहानपणीच गेली. पुढे बिठूरला दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाला ती वाढली. १८४२ मध्ये झाशीच्या गंगाधरराव नेवाळकरांशी लग्न झालं आणि मनूची लक्ष्मीबाई झाली. मुलगा झाला तो काही महिन्यांतच गेला. २१ नोव्हेंबर १८५३ ला गंगाधरराव वारले. दामोदररावांचं दत्तकविधान त्याच्या आदल्या दिवशी झालं होतं. डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. बाईसाहेबांना महिना पाच हजारांचं पेन्शन ठरलं. त्यांनी अर्जांवर अर्ज केले, वकील दिला, कायद्याच्या भाषेत भांडल्या. मला वाटतं आपल्या नाटकांत हा भाग फार घाईने उरकतात. तलवार उपसण्याआधी तीन वर्षं ही बाई कागदावर लढत होती.

आता बंदुकीकडे येऊ. त्या काळची बंदूक ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी घालायची, गजाने ठासायची. काळ्या बंदुकीच्या दारूची खोड अशी की ती पूर्ण जळून वायू होत नाही. वजनाने निम्म्याहून अधिक भाग घन राहतो. थोडा धुरातून जातो, बाकीचा नळीच्या आत काजळीसारखा चिकटतो. दमट हवेत त्याचा चिखल होतो, कोरड्या उन्हात कडक खपली धरते. दर बाराला थर वाढत जातो आणि पुढची गोळी आत जायला कुरकुरते.

जुन्या ब्राऊन बेस बंदुकीत यावर सोपा उपाय होता. नळी आतून गुळगुळीत, भोक सुमारे १९ मिलिमीटर आणि गोल गोळी साडेसतराच्या आसपास. दीड मिलिमीटर मोकळी जागा. काजळी धरली तरी गोळी घरंगळत खाली जाणार. नेम मात्र शंभर यार्डांपलीकडे देवाच्या हवाली.

नळीच्या आत पेचदार खाचा पाडल्या की गोळी फिरत जाते आणि लांबवर नेम लागतो. पण त्यासाठी गोळी घट्ट हवी, आणि घट्ट गोळी काजळी धरलेल्या नळीत ठासायची म्हणजे घाम निघणार. फ्रेंच अधिकारी मिनिए याने १८४९ च्या सुमारास यावर तोड काढली. गोळी लांबट, टोकाला निमुळती आणि बुडाशी पोकळ. नळीपेक्षा किंचित बारीक, म्हणून घालताना सहज आत जाते. बार उडताना बूड फुगून खाचांत बसतं. इंग्रजांची १८५३ ची एन्फिल्ड याच तत्त्वावरची. मोकळी जागा मात्र जेमतेम पाव मिलिमीटर! एवढ्याशा फटीत काजळीला थारा देऊन चालणार नव्हतं. म्हणून गोळीवरच्या कागदाला चरबी आणि मेण लावायचे. हा वंगण लावलेला कागद गोळीबरोबर खाली जाताना आधीच्या बाराची काजळी मऊ करून पुसत नेई.

चरबीवाली काडतुसं आपण शाळेत पाठ केली, पण चरबी मुळात कशाला लागत होती हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काडतूस दाताने फोडायचं आणि त्यात गाय आहे की डुक्कर याचा भरवसा नाही. १८५७ च्या जानेवारीत डमडमला कुजबुज सुरू झाली, एप्रिलमध्ये मीरतला ८५ घोडेस्वारांनी काडतुसं घ्यायला नकार दिला आणि १० मेला भडका उडाला. जूनमध्ये झाशीच्या पलटणीही उठल्या. तिथल्या गोऱ्यांची, बायकामुलांसकट, कत्तल झाली; इंग्रजांनी तो दोष बाईसाहेबांवर ठेवला, त्यांनी तो शेवटपर्यंत नाकारला. शिपाई दिल्लीकडे निघून गेले आणि झाशीचा कारभार बाईसाहेबांकडे आला.

मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोझने झाशीला वेढा घातला. किल्ल्यावरून तोफा धडधडत होत्या. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे नेमके तेव्हा झाशीत अडकले होते आणि 'माझा प्रवास' मध्ये त्यांनी ते दिवस लिहून ठेवले आहेत. मदतीला आलेल्या तात्या टोप्यांचा १ एप्रिलला बेतवेवर पराभव झाला. मग शहर पडलं. बाईसाहेब दामोदररावांना घेऊन रात्री निसटल्या आणि शंभर मैलांहून जास्त दौड करून यमुनेकाठी काल्पीला पोचल्या. तिथे रावसाहेब पेशवे होते, पुढे बांद्याचे नवाबही आले. ७ मेला कूंचला पुन्हा हार झाली. एन्फिल्डपुढे जुनी बंदूक घेऊन उघड्या मैदानात टिकणं किती अवघड, हे वारंवार दिसत होतं.

आणि मग २२ मेचा दिवस आला. या एका दिवसासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

रोझची फौज काल्पीजवळ गोलौलीला येऊन थांबली होती. उन्हाने गोरे शिपाई पटापट कोसळत होते. खुद्द रोझला त्या मोहिमेत अनेकदा ऊन लागलं. बंडवाल्यांच्या हे लक्षात आलेलं होतं. गोऱ्यांवर सकाळी दहाच्या आधी हल्ला करायचा नाही, असा हुकूमच त्यांच्या सेनापतीने काढल्याचं रोझने नोंदवलं आहे. आमच्याकडे कुवेतमध्ये जून ते ऑगस्ट अकरा ते चार उघड्यावर काम करून घ्यायला सरकारचीच बंदी असते. इथे राहणाऱ्याला त्या हुकमातली अक्कल समजावून सांगावी लागत नाही.

चरबी साधारण ४० ते ४५ अंशांना वितळते. मेण साठीच्या पुढे. आता बुंदेलखंडातला मे, उन्हात तापलेली काडतुसांची पेटी आणि शिपायाच्या कमरेचं कातडी पाकीट डोळ्यांसमोर आणा. वंगण पातळ होऊन कागदातून ओघळणार, गोळी कोरडी राहणार आणि नळीतली खपली पुसायला काहीच उरणार नाही. त्या दिवशी लढाई ऐन रंगात असताना इंग्रजांच्या बंदुका ठासायला जड झाल्या आणि त्यांचा मारा मंदावला. उन्हाने आणि इतर कारणांनी काडतुसं बिघडली, असं रोझनेच आपल्या अहवालात मान्य केलं आहे. समोरच्यांच्या हातात मात्र बहुतेक जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुका, त्याच दीड मिलिमीटर फटीच्या. काजळीचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं.

मारा कमी झाल्याबरोबर बंडवाले पुढे सरसावले आणि तोफांच्या अगदी जवळ आले. मराठी चरित्रकारांनी या दिवशी बाईसाहेबांच्या घोडेस्वारांची धडक मोठ्या तपशिलाने सांगितली आहे. इंग्रज ब्रिगेडियर स्टुअर्ट घोड्यावरून उतरून तोफांपाशी उभा राहिला, गोलंदाजांना तलवारीनिशी तोफा राखायला सांगत. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथे होतं. बंदूक अडली, की तलवार जवळ पोचते.

इंग्रजांना वाचवलं ते उंटांनी. रोझ स्वतः उंटदळाची तुकडी घेऊन धावत आला. माणसं उंटावरून उतरली आणि गोळ्या ठासत न बसता संगिनी रोखून तुटून पडली. डाव उलटला. दुसऱ्या दिवशी काल्पी गेली आणि तिथला जमिनीखालचा दारूगोळ्याचा साठाही.

एवढ्यावर कुणीही खचलं असतं. पण आठवड्याभरात बाईसाहेब, रावसाहेब आणि तात्या ग्वाल्हेरवर चालून गेले. १ जूनला शिंद्यांची फौज त्यांना येऊन मिळाली आणि किल्ला हाती आला. १७ जूनला कोटा की सराय इथे इंग्रजांच्या ८ व्या हुसार पलटणीच्या घोडदळाशी झालेल्या चकमकीत बाईसाहेब पडल्या. अंगावर स्वाराचा पोशाख होता. ग्वाल्हेरच्या फूलबागेत त्यांची समाधी आहे. दामोदरराव वाचले. पुढे इंदूरला इंग्रजांच्या तुटपुंज्या तनख्यावर राहिले आणि १९०६ मध्ये वारले.

आणि एन्फिल्ड? बंड मोडल्यावर इंग्रजांनी तिची गोळी बारीक केली. ०.५६८ इंचांची ०.५५० झाली, म्हणजे फट पाव मिलिमीटरवरून जवळजवळ पाऊण मिलिमीटरवर गेली. वंगणातही चरबी मागे पडून मेणावर भर आला.