ताराबाई मोडक : शाळा अंगणात नेणाऱ्या बाई



सप्टेंबर जवळ आला की लीड्समधल्या आपल्या घरांतून एकच विषय सुरू होतो. कोणाचं पिल्लू नर्सरीत जाणार असतं, कोणाचं रिसेप्शनमध्ये. ए-बी-सी येते का, आकडे येतात का? आणि सगळ्यात मोठी काळजी म्हणजे हा घरी फक्त मराठी बोलतो, तिथे याचं कसं होणार? आमच्या थोरल्याच्या वेळी आम्ही घाबरून घरात इंग्रजी सुरू केलं. परिणाम असा झाला की तो दोन्ही भाषांत गप्प बसायला लागला! तेव्हा माझी आई इकडे आली होती. तिने ताराबाई मोडकांचं नाव काढलं. बालवाडी आणि अंगणवाडी हे शब्द आपण सहज वापरतो, पण त्यांच्यामागच्या या बाईंबद्दल मला तोवर फारसं काही माहीत नव्हतं.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. माहेरच्या त्या केळकर. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं, त्यामुळे मुलगी म्हणून शिक्षण अडलं नाही. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर अमरावतीला गेल्या, पण तो संसार टिकला नाही आणि १९२१ मध्ये त्या वेगळ्या झाल्या. पदरी एक लहान मुलगी. त्या काळात हे किती अवघड असेल याची कल्पनाच केलेली बरी. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्य झाल्या. मान होता, पगार होता. तरी १९२३ मध्ये ती नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या.

गिजुभाई मूळचे वकील. माँटेसोरीबाईंचे विचार वाचून त्यांनी वकिली सोडली आणि दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढलं. तिथे मारणं नाही, घोकंपट्टी नाही. मुलांनी स्वतःच्या हातांनी काम करायचं, गोष्टी ऐकायच्या, गाणी म्हणायची. इथे आपल्यासारख्यांनी लक्षात घ्यावं असं एक आहे. ताराबाई मराठी घरातल्या, आणि काम करायचं होतं गुजराती मुलांबरोबर. त्यांनी ती भाषा अशी आपलीशी केली की गुजराती 'शिक्षण पत्रिके'च्या संपादनात त्यांचा मोठा वाटा राहिला. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, १९३३ पासून पत्रिका मराठीतही निघू लागली, आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं.

एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तरी नाव राहिलं असतं. पण शहरातल्या बालमंदिरांत येत होती ती बरी परिस्थिती असलेल्या घरांतली मुलं. खेड्यातल्या मुलांचं काय, हा प्रश्न त्यांना सोडेना. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणूजवळच्या बोर्डी गावी गेल्या. बालपणीच विधवा झालेल्या अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या, त्या कायमच्या.

बोर्डीत शाळा उघडली, पण गरीब वस्तीतली मुलं येईनात. मग ताराबाईंनी शाळाच वस्तीत नेली, कोणाच्या तरी अंगणात. आधी मुलांना अंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि खेळ. माँटेसोरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शिंपले, खडे, बिया, पानं, फुलं आली. मोजायला चिंचोका काय वाईट?

जाता जाता एक आठवलं. लीड्सहून गाडीने वीसेक मिनिटांवर ब्रॅडफर्ड आहे. तिथे १८९०च्या दशकात मार्गारेट मॅकमिलन यांनीही हाच आग्रह धरला होता की, भुकेल्या आणि मळलेल्या मुलाला शिकवण्याआधी त्याचं पोट आणि अंग बघा. पुढे त्यांनी लंडनमध्ये डेप्टफर्डला मोकळ्या हवेतली नर्सरी काढली. दोन बायका, दोन देश, आणि सुरुवात दोन्हीकडे अंघोळीपासून!

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली वस्त्यांमध्ये. तिथली अडचण निराळी होती. मोठी बहीण शाळेत येणार कशी, कडेवर तान्हं भावंड असतं. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. गुरं राखणारी मुलं तरीही येईनात, तेव्हा शिक्षकच कुरणात गेले. ती कुरणशाळा. मला स्वतःला ताराबाईंच्या सगळ्या कामात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. मूल तयार नाही असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. शाळा अजून त्याच्यासाठी तयार झालेली नाही, असंच त्यांनी मानलं.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. कोसबाडचं काम अनुताईंनी १९९२ पर्यंत, स्वतःच्या अखेरपर्यंत, पुढे नेलं. १९७५ मध्ये भारत सरकारने लहान मुलांसाठी देशभराची योजना आखली, तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी.

आईकडून हे सगळं ऐकल्यावर आम्ही घरात परत मराठी सुरू केली. पुढे कळलं की इंग्लंडमधल्या नर्सऱ्यांच्या नियमांतही, मुलाला घरची भाषा खेळताना आणि शिकताना वापरू द्यावी असं सांगितलेलं आहे. बरोबरीने इंग्रजी येऊ द्यायचीच. धाकटीच्या वेळी आम्ही वर्कशीट आणलीच नाहीत. कोटाची चेन स्वतः लावणं, बूट घालणं, पेल्यात पाणी ओतणं (सांडलं तर पुसणं), शू लागली की सांगणं, एवढंच. आणि राउंडहे पार्कमधले कॉन्कर वेचून मोजणं, मराठीत. नर्सरीत तिसऱ्या आठवड्यात ती खिशात कॉन्कर घेऊन गेली आणि तिने बाईंना एक ते सात मोजून दाखवले. संध्याकाळी न्यायला गेले तर बाई मला विचारत होत्या, सातानंतर काय म्हणायचं.