एक्सप्लेनर : फिल्मी गाण्यांना कात्री लावणारा मंत्री आणि कोलंबोहून आलेली ‘गीतमाला’, डॉ. बाळकृष्ण केसकर कोण होते?

छत्रपती संभाजीनगर : बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ लावायचा, शॉर्टवेव्हचा काटा हळूहळू सरकवत रेडिओ सिलोन पकडायचं आणि या आठवड्यात कोणतं गाणं कितव्या पायदानावर आलं ते कान देऊन ऐकायचं. शहागंजच्या घड्याळ मनोऱ्याजवळ बाजाराला आलेल्या सत्तरीपुढच्या कुणाकडंही ‘बिनाका गीतमाला’चा विषय काढा, हीच आठवण निघेल. आज ‘गीतमाला’ची जुनी रेकॉर्डिंग यूट्यूबवर सापडतात, ‘सारेगामा कारवाँ’वरही ऐकता येतात.

पण एक प्रश्न नव्या पिढीला हमखास पडतो. गाणी मुंबईची, गायक आपले, ऐकणारेही आपणच. मग हा कार्यक्रम श्रीलंकेतून का यायचा? भारतात रेडिओ नव्हता का?

रेडिओ होता. पण त्यावर फिल्मी गाणी जवळपास बंद झाली होती. हा निर्णय ज्यांच्या काळात झाला ते मंत्री पुण्यात जन्मलेले होते. त्यांचं नाव डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. ‘गीतमाला’च्या आठवणींत त्यांचा उल्लेख आला तर खलनायक म्हणूनच येतो. त्यांची पूर्ण गोष्ट मात्र इतकी सरळ नाही.

कोण होते केसकर?

केसकरांचा जन्म १९०३ मध्ये पुण्यात झाला. असहकार चळवळीच्या काळात ते राष्ट्रीय आंदोलनात आले. काशी विद्यापीठाशी त्यांचा संबंध होता आणि पुढं पॅरिसला जाऊन त्यांनी डॉक्टरेट मिळवली. बनारसमध्ये असताना ते धृपद गायकी शिकले. संगीत हा त्यांच्यासाठी केवळ फायलींमधला विषय नव्हता, त्यांनी स्वतः रियाज केला होता.

ते काँग्रेसचे सरचिटणीस होते. स्वातंत्र्यानंतर परराष्ट्र खात्यात उपमंत्री झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर पंतप्रधान नेहरूंनी त्यांच्याकडं माहिती आणि नभोवाणी खातं दिलं. ते या खात्यात १९६२ पर्यंत, म्हणजे सलग दहा वर्षं राहिले. तेव्हा देशात टीव्ही नव्हता. १९५९ मध्ये दिल्लीत प्रयोग म्हणून तो सुरू झाला. बाकी देशासाठी रेडिओ हेच माध्यम होतं आणि देशातला रेडिओ सरकारचा होता. त्यामुळं लोकांनी काय ऐकायचं, याच्या किल्ल्या केसकरांच्या हातात होत्या.

१९५२ मध्ये नेमकं काय झालं?

फिल्मी गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते, असं केसकरांचं मत होतं. पाश्चात्य चालींची उचलेगिरी आणि शब्दांतला उथळपणा त्यांना खटकत असे. सरकारी रेडिओनं लोकांना चांगलं ऐकण्याची सवय लावावी, ही त्यांची भूमिका होती.

त्यानुसार ऑल इंडिया रेडिओवर तीन गोष्टी झाल्या. फिल्मी गाण्यांच्या वेळेवर १० टक्क्यांची मर्यादा आली. वाजवायची गाणी आधी तपासली जाऊ लागली. आणि गाणं लावताना गायकाचं नाव सांगायचं, पण चित्रपटाचं सांगायचं नाही, असं ठरलं. चित्रपटाचं नाव घेणं म्हणजे फुकटची जाहिरात, असा त्यामागचा हिशेब होता.

निर्मात्यांना हा शेवटचा मुद्दा झोंबला. रेडिओवर गाणं वाजण्यात त्यांचा फायदाच मुळी चित्रपटाचं नाव लोकांपर्यंत जाण्यात होता. त्यांनी गाणी वाजवण्याचे परवाने काढून घेतले. त्यामुळं मर्यादेपुरतीही गाणी उरली नाहीत आणि काही महिन्यांतच फिल्मी संगीत सरकारी रेडिओवरून जवळपास नाहीसं झालं.

सरसकट बंदीचा आदेश निघाला, असं अनेकदा सांगितलं जातं. प्रत्यक्षात सरकारनं घातलेल्या अटी आणि निर्मात्यांनी केलेली कोंडी या दोन्हींतून ही वेळ आली. श्रोत्यांच्या दृष्टीनं मात्र दोन्हीचा अर्थ एकच होता : आवडीची गाणी गेली.

कोलंबोचा आवाज इथपर्यंत कसा पोहोचायचा?

शहागंज तेव्हाच्या औरंगाबादेत आणि औरंगाबाद तेव्हा हैदराबाद राज्यात. या शहराला रेडिओ नवा नव्हता. स्वातंत्र्याच्या वेळी देशातल्या संस्थानांची मिळून पाच रेडिओ केंद्रं होती : म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदा, हैदराबाद आणि औरंगाबाद. १९५० मध्ये निजामाची केंद्रं केंद्र सरकारकडं गेली.

इथून कोलंबो सरळ रेषेत सुमारे दीड हजार किलोमीटर. एवढ्या लांबचं स्टेशन ऐकू येण्यामागं साधं भौतिकशास्त्र आहे. मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा जमिनीच्या कडेनं जातात आणि काहीशे किलोमीटरमध्ये क्षीण होतात. शॉर्टवेव्हच्या लहरी वर आकाशात जातात, तिथल्या आयनोस्फिअर नावाच्या विद्युतभारित थरावरून वळून पुन्हा जमिनीकडं येतात. त्यामुळं मधले डोंगर, समुद्र, सरहद्दी यांचा त्यांना अडथळा होत नाही. हा थर स्थिर नसतो. म्हणूनच रेडिओ सिलोनचा आवाज मध्येच जवळ यायचा, मध्येच लांब जायचा. तो चढउतार आजही अनेकांच्या आठवणीत गाण्याइतकाच पक्का आहे.

कोलंबोकडं ताकदही होती. दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांच्या आग्नेय आशिया कमांडचं मुख्यालय सिलोनमध्ये होतं. सैनिकांसाठी तिथं उभारलेली शक्तिशाली प्रक्षेपण यंत्रणा युद्धानंतर सिलोन सरकारला मिळाली. १९५० मध्ये रेडिओ सिलोननं जाहिराती घेणारी व्यापारी सेवा सुरू केली. भारतात सरकारी रेडिओवर जाहिरातींना जागा नव्हती. जाहिरातदार मोकळे होते, गाणी मोकळी होती आणि श्रोते वाट पाहत होते.

‘गीतमाला’ कशी सुरू झाली?

३ डिसेंबर १९५२, बुधवार. केसकर मंत्री होऊन सात महिनेही झाले नव्हते. सिबा कंपनीच्या बिनाका टूथपेस्टच्या जाहिरातीसाठी अर्ध्या तासाचा कार्यक्रम रेडिओ सिलोनवरून सुरू झाला. निवेदक होते अमीन सयानी. त्यांना वयाची वीस वर्षं पूर्ण व्हायलाही काही दिवस बाकी होते. कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचा आणि त्याच्या टेप विमानानं कोलंबोला जायच्या. म्हणजे मुंबईत तयार झालेला आवाज समुद्रापार जाऊन, आकाशातून फिरून पुन्हा आपल्याकडं यायचा.

सुरुवातीला ती क्रमवारी नव्हती, स्पर्धा होती. सात गाणी वाजायची, श्रोत्यांनी ती कोणत्या काळातली हे ओळखून क्रम लावायचा आणि पत्र पाठवायचं. बक्षीस १०० रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९ हजार पत्रं आली. वर्षभरात हा आकडा आठवड्याला ६५ हजारांवर गेला. एवढी पत्रं तपासणं अशक्य झालं, तेव्हा १९५४ मध्ये स्पर्धा बंद करून लोकप्रियतेची क्रमवारी सुरू झाली. कार्यक्रम तासाभराचा झाला, गाणी १६ झाली.

क्रम ठरवण्यासाठी दुकानांमधली रेकॉर्डची विक्री पाहिली जायची. पण मोठ्या दुकानांच्या शहरांचंच मत मोजलं जाऊ नये म्हणून गावोगावच्या श्रोता संघांची मतंही घेतली जायची. गाण्याच्या क्रमांकाला सयानी ‘पायदान’ म्हणत. रेडिओ तेव्हा महाग होता आणि ऐकायला पोस्टातून लायसन्स काढावं लागे. त्यामुळं ज्यांच्या घरी संच नाही, ते चहाच्या हॉटेलात किंवा शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून ऐकत.

आता गंमत पाहा. १९५३ च्या वार्षिक यादीत पहिलं आलं ते ‘अनारकली’ चित्रपटातलं लता मंगेशकर यांनी गायलेलं गाणं. संगीतकार होते सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. चाल भीमपलासी रागावर बांधलेली. फिल्मी संगीतामुळं रागसंगीताचे कान बिघडतील, अशी केसकरांना भीती होती. श्रोत्यांनी पहिल्याच वर्षी डोक्यावर घेतलं ते गाणं मात्र रागातलं निघालं.

भाषेचा मुद्दा काय होता?

रेडिओ सिलोनच्या यशामागं गाण्यांइतकाच भाषेचा वाटा होता. केसकरांच्या काळात ऑल इंडिया रेडिओची हिंदी संस्कृत शब्दांनी जड झाल्याची तक्रार सतत होत असे. सयानींची भाषा हिंदी आणि उर्दूच्या मधली, सोपी, घरातल्या माणसाशी बोलावं तशी. त्यांच्या आई कुलसुम सयानी ‘रहबर’ नावाचं पाक्षिक सोप्या हिंदुस्थानीत, देवनागरी, उर्दू आणि गुजराती लिपींत काढायच्या. त्या कामात हात लावताना त्यांना या भाषेचं वळण मिळालं.

शहागंजसारख्या भागात, जिथं एका दुकानात मराठी आणि पुढच्या दुकानात उर्दू-दखनी कानावर पडते, तिथं ही भाषा कुणालाच परकी वाटली नसेल. दिल्लीची हिंदी मात्र दोघांनाही समजून घ्यावी लागे.

केसकरांनी दुसरीकडं काय उभं केलं?

इथं गोष्टीची दुसरी बाजू येते. फिल्मी गाणी हटवून केसकर गप्प बसले नाहीत. जुलै १९५२ मध्ये संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. एका गायकाची किंवा वादकाची मैफल एकाच वेळी देशभर ऐकू जाऊ लागली. त्याच वर्षी पं. रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली वाद्यवृंद उभा राहिला. १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलन भरू लागलं. संस्थानं विलीन झाल्यावर राजाश्रय गेलेल्या कलावंतांना रेडिओ हा नवा आधार मिळाला. तिकीट काढून मैफलीला जाणं ज्यांना कधीच परवडलं नसतं, त्यांच्या कानावर मोठे गायक पडले.

फिल्मी गाण्यांना पर्याय म्हणून सुगम संगीताचे विभाग सुरू झाले. साहित्यिक आणि कलावंतांना रेडिओत आणलं गेलं. पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झालं आणि तिथूनच १ एप्रिल १९५५ पासून ‘गीतरामायण’ घरोघरी पोहोचलं. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत, एकूण ५६ गाणी. हे दोघेही चित्रपटसृष्टीतले. त्यांचं यश त्यांचंच, पण आठवड्याला एक नवं गीत वर्षभर देण्याची मोकळीक सरकारी रेडिओनं त्यांना दिली, तो काळ केसकरांचा होता.

मग वाद कशावरून झाले?

कलावंतांची ध्वनिचाचणी घेऊन श्रेणी देण्याची पद्धत केसकरांच्या काळात कडक झाली. पं. श्रीकृष्ण रातंजनकर यांच्यासारखे विद्वान त्या कामात होते. तरी आयुष्यभर गायलेल्या कलावंतांना पुन्हा परीक्षेला बसवणं अनेकांना अपमानास्पद वाटलं आणि विरोध झाला.

१९४० पासून रेडिओवर बंद असलेली हार्मोनियम त्यांच्याही काळात बंदच राहिली. नाट्यसंगीतावर वाढलेल्या महाराष्ट्राला हे पटणारं नव्हतं. पेटीवर जीव असलेले पु. ल. देशपांडे याच काळात आकाशवाणीत नोकरीला होते.

सर्वांत गंभीर आक्षेप त्यांच्या विचारांवर आहे. संगीताच्या ऱ्हासाचं खापर ते मुस्लिम राजवटी आणि घराण्यांच्या उस्तादांवर फोडत. उस्तादांनी विद्या घरातच कोंडून ठेवली, असं ते मांडत. अभ्यासकांनी त्यावर टीका केली आहे. ज्या उस्तादांच्या घराण्यांनी राग पिढ्यान् पिढ्या सांभाळले, त्यांच्याच गायन-वादनावर केसकरांचे कार्यक्रमही उभे होते.

केसकर मागे हटले का?

तसं जाहीरपणे झालं नाही, पण रेडिओला दिशा बदलावी लागली. संध्याकाळी श्रोते कोलंबोकडं वळतात, हे आकडेमोड न करताही गल्लीतून चालताना कळत होतं. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली. तिची आखणी कवी नरेंद्र शर्मा यांच्याकडं होती. फिल्मी गाणी परत आली. मुंबई आणि मद्रासच्या शॉर्टवेव्ह प्रक्षेपकांवरून ती देशभर जाऊ लागली, म्हणजे कोलंबोचंच तंत्र वापरून. तेव्हाही मंत्री केसकरच होते. १९६७ मध्ये मुंबई, पुणे आणि नागपूरपासून तिच्यावर जाहिरातीही सुरू झाल्या.

पण पाच वर्षांत लागलेली सवय मोडली नाही. बुधवारची रात्र पुढची तीन दशकं कोलंबोचीच राहिली.

पुढं काय झालं?

१९६२ च्या निवडणुकीनंतर केसकर मंत्रिमंडळात राहिले नाहीत. नंतर ते नॅशनल बुक ट्रस्टचे अध्यक्ष झाले. भारतीय संगीताच्या प्रश्नांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९६७ मध्ये आलं. १९८४ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांचा अंदाज एका बाबतीत बरोबर होता : सतत कानावर पडलं तर माणसाला राग ऐकण्याची गोडी लागते. दुसऱ्या बाबतीत तो साफ चुकला. नको ते बंद केलं की लोक हवं ते ऐकतील, असं त्यांना वाटलं. लोकांनी रेडिओ बंद केला नाही, फक्त काटा फिरवला. शास्त्रीय संगीताचे श्रोते वाढले ते मैफली ऐकवल्यामुळं, फिल्मी गाणी काढल्यामुळं नाही. तोट्यात गेला तो सरकारी रेडिओ, कारण हक्काचा श्रोता त्यानं दुसऱ्या देशाच्या स्टेशनला दिला.

केसकर गेले तेव्हा ‘गीतमाला’ कोलंबोहून सुरूच होती. पाच वर्षांनी, १९८९ मध्ये, ती भारतात आली आणि १९९४ पर्यंत चालली. तिला जागा दिली ती केसकरांच्याच काळात जन्मलेल्या ‘विविध भारती’नं.