सूत्रधाराला प्रश्न विचारणारे कुरुंदकर गुरुजी

कथा रंगात आलेली असताना निवेदकाने मध्येच थांबून प्रेक्षकाशी बोलावे, इतिहास आणि कल्पित यांची सरमिसळ करावी, हा सारा खेळ आहे याची जाणीव खेळातूनच करून द्यावी, ही आजच्या चित्रपट-मालिकांतील परिचित तंत्रे. समीक्षक त्यांना उत्तर-आधुनिक म्हणतात. या संज्ञेचा मराठीत बोलबाला होण्यापूर्वीच तिच्या मुळाशी असलेल्या दोन प्रश्नांचा सखोल विचार नांदेडच्या एका शिक्षकाने केला होता. प्रेक्षक रंगमंचावर नेमके काय पाहतो आणि इतिहासाची गोष्ट करताना लेखकाला किती मोकळीक असते, हे ते प्रश्न. ते शिक्षक म्हणजे नरहर अंबादास कुरुंदकर.

कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी नांदापूर येथे झाला. हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, आज ते हिंगोली जिल्ह्यात आहे. नांदेड, लातूरसह सारा मराठवाडा त्या काळी निजामाच्या राजवटीत होता. शिक्षणासाठी ते हैदराबादला मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्याकडे राहिले. मामा मराठीचे प्राध्यापक आणि कवी. घर ग्रंथांनी भरलेले. भाच्याचे वाचन अफाट वाढले, परीक्षांशी मात्र त्याचे सूत कधी जुळले नाही. त्यातच मुक्तिलढ्याची हाक आली आणि कोवळ्या वयात ते त्यात ओढले गेले.

पुढे ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले आणि गावाचे ‘कुरुंदकर गुरुजी’ बनले. नोकरी करता करताच त्यांनी पदव्या मिळवल्या. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या पीपल्स कॉलेजात ते प्राध्यापक आणि नंतर प्राचार्य झाले. पुण्या-मुंबईच्या वाङ्मयीन वर्तुळांत त्यांच्या शब्दाला वजन आले, तरी त्यांनी नांदेड सोडले नाही.

भरताचे नाट्यशास्त्र हा त्यांच्या चिंतनाचा आवडता विषय होता. हा ग्रंथ एका हाताने एका काळात लिहिलेला नसून त्यात अनेक काळांचे थर आहेत, हे ते साधार मांडत. नंतरच्या काव्यशास्त्राने त्यावर चढवलेला आध्यात्मिक अर्थ बाजूला सारून प्रत्यक्ष प्रयोगाचा ग्रंथ म्हणून ते त्याकडे पाहत. त्या नजरेने पाहिले की एक गोष्ट सहज ध्यानात येते. संस्कृत नाटकात पूर्वरंग आटोपल्यावर सूत्रधार येतो, नटीशी बोलतो, प्रेक्षकांचा उल्लेख करतो आणि मग नाटकाला वाट करून देतो. तमाशातला सोंगाड्या वगातून बाहेर येऊन चालू राजकारणावर शेरा मारतो, तोही याच कुळातला. आपण खेळ पाहत आहोत हे भारतीय प्रेक्षकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ या शिवचरित्रात्मक कादंबरीला कुरुंदकरांची दीर्घ प्रस्तावना आहे. शिवाजी महाराजांचे मोठेपण काही रोमांचक प्रसंगांत शोधण्याऐवजी त्यांनी उभ्या केलेल्या राज्यव्यवस्थेत शोधावे, असा तिचा रोख आहे. महाराजांच्या निधनानंतर औरंगजेब दक्षिणेत उतरला, तरी रयत पाव शतकाहून अधिक काळ लढत राहिली. ती का लढली, हे उकलले तरच महाराज कळतात, असे त्यांचे म्हणणे होते. एका लोकप्रिय कादंबरीच्या मुखपृष्ठाआड अशी परखड चिकित्सा छापली गेली. लाखो वाचकांना कथा आणि तिच्याविषयीचे प्रश्न एकाच पुस्तकात मिळाले.

त्याच काळात मराठी रंगभूमीवर हा पेच उघड झाला. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ आले. माणसांचा पडदा, सूत्रधार, कीर्तन आणि लावणी यांतून उभ्या राहिलेल्या या नाटकातील नाना फडणवीसांच्या चित्रणावरून वादळ उठले. रंगमंचावरचा नाना इतिहासातलाच मानायचा का, हा तो वाद होता. १९७६ मध्ये या नाटकावर चित्रपटही निघाला.

१० फेब्रुवारी १९८२ रोजी तत्कालीन औरंगाबाद येथे, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, व्यासपीठावरच कुरुंदकरांना हृदयविकाराने मृत्यू आला. पन्नाशीही त्यांनी गाठली नव्हती. दूरदर्शनच्या मालिकांचे युग त्यांनी पाहिले नाही. महाभारतावर त्यांनी भरपूर लिहिले. पण १९८८ मध्ये पडद्यावर महाभारत सुरू झाले आणि ‘समय’ हा अदृश्य सूत्रधार घरोघरी बोलू लागला, तेव्हा त्यावर भाष्य करायला ते नव्हते. पुढे शिवचरित्रावर आणि पेशवाईवर मालिका व चित्रपट येतच राहिले. सुरुवातीला कल्पनास्वातंत्र्याची पाटी झळकते, क्षणात ती जाते आणि पुढचे सारे इतिहास म्हणून मनात ठसते.

संस्कृत नाटकातला सूत्रधार समोर उभा असे. पडद्यावरची पाटी वाचायलाही वेळ मिळत नाही. ज्या समाजाला खेळ आणि इतिहास वेगळे ओळखता येत नाहीत, तो कोणाच्याही सूत्रावर नाचू शकतो. नांदेड आणि लातूरच्या महाविद्यालयांत आज माध्यमे शिकणाऱ्या तरुणांना तंत्रांची नवी नावे पुस्तकांत मिळतील. सूत्रधाराला प्रश्न विचारण्याची सवय मात्र त्यांच्याच मातीतल्या या गुरुजींकडून शिकता येईल.