व्हॅनिलाची शेंग आणि एडमंड अल्बियस

यंदाच्या १४ एप्रिलला सरबताऐवजी घरी केलेले आईस्क्रीम वाटायचे, हे पनवेलच्या आमच्या वसाहतीत मागच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनालाच ठरले होते. घरचे आईस्क्रीम म्हटल्यावर व्हॅनिलाचा अर्कही घरीच करायची टूम निघाली. कर्नाटकातल्या वाळवलेल्या शेंगा मागवल्या. कृती अगदी सोपी. शेंग उभी चिरायची, बरणीत घालायची, वरून व्होडका ओतायची आणि बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवून द्यायची. दोनशे मिलिलिटरला सहा शेंगा.

व्होडका हा शब्द निघाला आणि विहारातल्या ज्येष्ठ बायकांनी हात आखडला. रोज पाचवे शील म्हणायचे आणि जयंतीच्या आईस्क्रीममध्ये दारू घालायची, हे त्यांना पटेना. दोन थेंबांनी कुणाला चढत नाही, असे तरुण मंडळी म्हणाली. थेंबच मोजायचे तर शील घ्यायचे कशाला, असे त्यांना उत्तर मिळाले. शेवटी तीन बरण्या भरल्या. एकीत व्होडका, पण ती फक्त चव ताडून पाहण्यासाठी, एकाच घरात राहणार. दुसरीत खाण्याचे ग्लिसरीन आणि थोडे पाणी. तिसरीत नुसती साखर, तिच्यात शेंगांचे तुकडे पुरलेले.

सहा महिन्यांनी एकाच दुधाचे, एकाच साखरेचे चार वाडगे लावले. चौथ्यात बाजारातला इसेन्स होता. व्होडकाचा अर्क सगळ्यांत भरदार निघाला, मनुक्यांची आणि जुन्या लाकडाची आठवण करून देणारा. ग्लिसरीनचा मऊ, गोडसर, जरा उशिरा जाणवणारा. साखरेचा वास फुलासारखा, आणि आईस्क्रीमभर काळे बारीक दाणे. एक गोष्ट आम्हाला आधी ठाऊक असायला हवी होती. गरम दुधात घमघमणारा वास गोठल्यावर निम्मा होतो, म्हणून आईस्क्रीमला अर्क हात सोडून घालावा लागतो. इसेन्स जिभेवर एकदम चढला आणि मागे थोडा कडवटपणा ठेवून गेला. गंमत म्हणजे बहुतेक मुलांनी त्यालाच खरा व्हॅनिला म्हणून मत दिले! त्यांचा दोष नाही, आपण सगळे त्याच चवीवर वाढलो आहोत. व्हॅनिलाच्या वासातला मुख्य घटक जर्मनीत १८७४ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाला, आणि आज दुकानातल्या स्वस्त बाटलीत बहुतेक तोच असतो.

खरी शेंग मात्र केशराच्या खालोखाल महाग. ती इतकी महाग का, असे एका मुलीने विचारले, आणि उत्तर देता देता आम्ही एडमंडपाशी येऊन पोहोचलो.

व्हॅनिला हे एका वेलीचे, आर्किडच्या जातीचे फळ. मूळ मेक्सिकोतले. तिथल्या तोतोनाक लोकांनी ते जोपासले, स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेले. पुढे फ्रेंचांनी हिंदी महासागरातल्या आपल्या बूर्बों बेटावर वेली लावल्या. हेच आजचे रियुनियन. आपल्या कोकणातले मराठी मजूर गिरमिटिया म्हणून ज्या मॉरिशसला गेले, त्याच्या शेजारचे बेट. वेली वाढल्या, फुलल्याही, पण फळ धरेना. मेक्सिकोत हे काम तिथल्या मधमाश्या करतात असे मानले जाते, आणि त्या या बेटावर नव्हत्या. बेल्जियममध्ये शार्ल मोरें या शास्त्रज्ञाने १८३६ च्या सुमारास काचघरात हाताने फळ धरवून दाखवले होते, पण मळ्यावर रोज वापरता येईल अशी रीत काही त्यातून निघाली नाही.

एडमंडचा जन्म १८२९ मध्ये याच बेटावर सेंत-सुझान गावी झाला. आई मेलिझ गुलाम होती आणि बाळंतपणातच गेली. बाप पाम्फिल, तोही गुलाम. मुलगा जन्मतः कुणाच्या तरी मालकीचा, त्याला आडनाव नाही. मालकिणीने तो आपल्या भावाला, फेरेओल बेलिये-बोमों यांना देऊन टाकला. त्यांना बागेचा नाद होता. पोरगा त्यांच्या मागेमागे मळ्यात फिरायचा आणि झाडांची शास्त्रीय नावे ऐकून ऐकून पाठ करायचा. शाळा मात्र त्याला कधीच मिळाली नाही, लिहिणे-वाचणे आले नाही. शिकवता येण्यासारखा मुलगा समोर असताना मालकाला ते सुचले नाही, हे बेलियेंच्या बाकीच्या चांगुलपणाबरोबरच सांगायला हवे.

बेलियेंनी त्याला एक गोष्ट दाखवली होती. भोपळ्याच्या कुळातल्या एका वेलीवर नर आणि मादी फुले वेगळी येतात, त्यातले नर फूल मादी फुलाला कसे लावायचे ती. परसात भोपळा किंवा पडवळ लावणाऱ्या आपल्याकडच्या बायकांनाही हे ठाऊक असते. व्हॅनिलाची अडचण वेगळी होती. तिचे नर आणि मादी भाग एकाच फुलात, अगदी जवळ असतात, पण मध्ये एक बारीक पडदा असतो.

१८४१ मध्ये एके दिवशी मळ्यातून चालताना बेलियेंना वीस वर्षांच्या वांझ वेलीवर दोन शेंगा लागलेल्या दिसल्या. एडमंड म्हणाला, त्या मी धरवल्या. बेलियेंचा विश्वास बसेना. काही दिवसांनी आणखी शेंगा दिसल्या, तेव्हा त्यांनी त्याला समोर करून दाखवायला लावले. बारा वर्षांच्या मुलाने एक फूल हाती घेतले, बारीक काडीने तो पडदा वर सारला आणि अंगठ्याने पराग कुक्षीवर दाबला. काही क्षणांचे काम!

मग एडमंडला मळ्यामळ्यांतून फिरवण्यात आले. तो दुसऱ्या गुलामांना शिकवायचा, ते आणखी कुणाला. या क्रियेला बेटावर व्हॅनिलाचे लग्न असे नाव पडले. फूल उमलते ते एका दिवसापुरते, म्हणून सकाळीच प्रत्येक फुलाला हात लावावा लागतो. शेंग पिकायला आठ-नऊ महिने जातात. ताज्या शेंगेला वास नसतो. ती गरम पाण्यात बुडवून, घोंगडीत गुंडाळून घाम आणून, उन्हात-सावलीत महिनोन्‌महिने वाळवावी लागते. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांतून एक किलो वाळलेल्या निघतात. शेंग महाग का, याचे उत्तर त्या मुलीला इथे मिळाले. आजही मादागास्करपासून कर्नाटकापर्यंत मळ्यांत फळ धरवतात ते याच रीतीने. यंत्र अजून आलेले नाही.

१८४८ मध्ये बेटावरून सुमारे पन्नास किलो व्हॅनिला बाहेर गेला. पन्नास वर्षांनी, १८९८ मध्ये, हाच आकडा दोनशे टनांवर पोहोचला आणि मेक्सिको मागे पडला. मळेवाले श्रीमंत झाले.

१८४८ हेच मुक्तीचे वर्ष. फ्रान्सने एप्रिलमध्ये वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली, बेटावर २० डिसेंबरला घोषणा झाली आणि साठ हजारांहून अधिक माणसे मोकळी झाली. बेलियेंनी एडमंडला त्याच्या काही महिने आधीच मुक्त केले होते. तेव्हा त्याला आडनाव मिळाले, अल्बियस. लॅटिनमध्ये पांढऱ्याला अल्बस म्हणतात, त्यावरून ते बेतले असे मानतात. काळ्या माणसाला पांढरेपणाचे नाव! देणाऱ्याच्या मनात व्हॅनिलाचे फूल होते की आणखी काही, आम्ही ठरवू शकलो नाही. पुढच्या वर्षी फ्रेंच सरकारने नुकसानभरपाईचा कायदा केला. भरपाई मिळाली ती मालकांना, गुलामांना नाही.

इथून पुढे त्यांचा उल्लेख आम्ही आदरार्थी करतो. नागरिक म्हणून जगण्याचा हक्क कागदावर मिळाला तो इथेच.

एडमंड सें-दनी शहरात गेले आणि एका घरात स्वयंपाकघरात नोकर राहिले. ज्या शोधावर बेट धनवान होत होते, त्यातला एक पैसाही त्यांच्या वाट्याला आला नव्हता. १८५२ मध्ये दागिन्यांच्या चोरीच्या खटल्यात त्यांना पाच वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. बेलिये आणि गावचे न्यायाधीश यांनी गव्हर्नरकडे अर्ज केले. या माणसामुळे बेटाला एक नवा धंदा मिळाला, याची आठवण त्यांनी करून दिली. तीन वर्षांनी सुटका झाली.

याच काळात बेटावरचे नामांकित वनस्पतितज्ज्ञ रिशार पुढे आले. ही रीत आपण १८३८ मध्येच बेटावर दाखवली होती, पोराने ती पाहून उचलली, असा त्यांचा दावा होता. मोठ्या माणसाचा शब्द एका बाजूला आणि निरक्षर, तुरुंगातून आलेल्या माणसाचा दुसऱ्या बाजूला. बेलियेंनी लेखी साक्ष दिली. रिशार त्यांचे मित्र होते, तरी त्यांनी साफ लिहिले की रिशार यांच्या स्मरणशक्तीने दगा दिला आहे. रीत १८३८ मध्येच माहीत होती तर मधल्या वर्षांत एकाही मळ्यावर ती कुणी का वापरली नाही, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. ही साक्ष नसती तर एडमंड यांचे नाव आज आपल्यापर्यंत आले असते का, याची आम्हाला शंका आहे. शोध पोराचा, पण तो पोराचा आहे हे लिहून ठेवायला मालक लागला.

अंत्वान रूसँ या चित्रकाराने १८६३ च्या सुमारास काढलेले एडमंड यांचे चित्र उपलब्ध आहे. हातात व्हॅनिलाची वेल आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये पुण्यात गुलामगिरी प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली, तेव्हा एडमंड चव्वेचाळीस वर्षांचे होते, हयात होते, सेंत-सुझानच्याच परिसरात गरिबीत दिवस काढत होते. ९ ऑगस्ट १८८० रोजी तिथल्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. तिथल्या वर्तमानपत्राने, बेटाला एवढा लाभ करून देणारा माणूस किती हलाखीत गेला, अशी छोटीशी बातमी छापली. बेलियेंनी त्यांच्यासाठी मागितलेला भत्ता शेवटपर्यंत मंजूर झाला नाही. आज सेंत-सुझानला त्यांचे स्मारक आहे.

जयंतीला आम्ही ग्लिसरीनचा अर्क आणि शेंगांची साखर मिळून आईस्क्रीम केले. व्होडकाची बरणी ठरल्याप्रमाणे ज्या घरी होती त्याच घरी राहिली. टेबलावर पुठ्ठ्याची एक पाटी लावली होती, एडमंड अल्बियस, १८२९ ते १८८०. रांगेतल्या निम्म्या लोकांना ते आईस्क्रीमच्या कंपनीचे नाव वाटले आणि दुकान पनवेलमध्ये कुठे आहे, अशी चौकशी करून गेले.